आठवीच्या वर्गावर जाण्यापूर्वी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आठवी-नववीचा आरोग्याचा तास तुझ्या गळ्यात पडला म्हणून कुरकुरली आहेस. नव्या बाईंच्या माथीच तो मारतात, कारण जुन्यांना लाज वाटते! पण पाहुण्या डॉक्टरीणबाई बोलावून एका दुपारी उरकून टाकू नकोस. मुली ओढणीआड हसतात, आभारप्रदर्शन होतं आणि खरं काही कुणी विचारत नाही.

त्यापेक्षा चिठ्ठ्या घे, नाव न घालता. प्रत्येकीने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर डब्यात काय होतं ते लिहायचं. म्हणजे कोण लिहितंय यावर कुणाची नजर जात नाही. ‘भेंडी’, ‘पोळी-बटाटा’ यांच्यामधून एक चिठ्ठी निघते : ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर ते नासतं का?’ नाही, नासत नाही, असं सरळ सांग. आजीशी भांडायला मात्र लावू नकोस. त्या घरात मुलीला राहायचंय, तुला नाही. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते, हे सांग आणि तारीख लिहून ठेवायला शिकव. सात दिवसांपेक्षा जास्त अंगावरून जात असेल, तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा पंधरावं संपत आलं तरी पाळी सुरूच झाली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. पॅड टेबलावर उघडून ठेव, त्यावर पाणी ओतून दाखव. कागदात गुंडाळलेल्या पॅडवर बोलशील तर मुलीही गुंडाळूनच विचारतील.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीबाहेर टाकतात, हे तुला लवकरच कळेल. त्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं आणि मुली घाबरतात. ते काळं होणं लोहामुळे असतं हे आधीच सांग. गोळी जेवणानंतर दे आणि चहा तेवढा पुढेमागे करायला लाव. रागावून काही होत नाही.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस ते. कधीतरी एक चिठ्ठी अशी येईल की तिच्यात प्रश्नच नसेल. ‘काका आले की मला घरी थांबायचं नसतं’ एवढंच. नाहीतर एखादी मुलगी तास संपल्यावर रेंगाळेल आणि म्हणेल, ‘बाई, कुणाला सांगणार नाही ना?’ तोंडावर ‘नाही गं’ येतं. ते गिळायचं. 2012च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. शाळेची अब्रू, घरचे काय म्हणतील, हे त्यात बसत नाही. तिला म्हण, ‘तुला सुरक्षित ठेवायला लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि तुला विचारल्याशिवाय वर्गात एक अक्षर निघणार नाही.’ ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेव. खोदून खोदून विचारू नकोस, ते काम तुझं नाही. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा (चाइल्डलाइनचा) फोन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू दे, म्हणजे तो पाहायला कुणाला कारण लागणार नाही. बाकीच्या चिठ्ठ्या तास संपला की वर्गातच फाड. मुली बघत असतात.

आणि हो, पहिल्या तासाआधी मुलींच्या स्वच्छतागृहात एक चक्कर मार. कडी लागते का, झाकणाची बादली आहे का, पाणी दुपारपर्यंत टिकतं का. नसेल तर मुख्याध्यापिकांना लेखी अर्ज दे आणि पोच घे.

तुझी,
बाई