दिवा आहे, पण पदपथावर उजेड आहे का?

प्रश्न : आमच्या वसाहतीपासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्याने रात्री आठनंतर जायला मुली धजावत नाहीत. नगरसेवक सीसीटीव्ही बसवून देण्यास तयार आहेत. तेवढे पुरेसे होईल का? रस्ता कितपत सुरक्षित आहे, हे आम्ही स्वतः कसे तपासावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कॅमेऱ्याचा मुख्य उपयोग प्रकार घडून गेल्यानंतरच्या तपासाला होतो, अंधाऱ्या रस्त्यावर एकट्या चालणाऱ्या मुलीच्या मदतीला तो धावून येत नाही. म्हणून आधी पाहणी करावी आणि मागणी त्यानंतर ठरवावी. अशा सुरक्षा पाहणीची पद्धत टोरांटोतील मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये विकसित केली, दिल्लीत 'जागोरी' या महिला संस्थेने ती राबवली आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'सेफ्टीपिन' या ॲपने तिला नऊ निकषांत बसवले : उजेड, मोकळेपणा, आसपासच्या दारा-खिडक्यांतून रस्ता दिसणे, वर्दळ, त्या वर्दळीतील बायकांचे प्रमाण, पदपथ, सार्वजनिक वाहतूक, पोलीस वा सुरक्षारक्षक आणि तेथे उभे राहिल्यावर मनाला काय वाटते ते.

मुली ज्या वेळी परततात त्याच वेळी चार-पाच जणींनी, शक्यतो एखादी शाळकरी मुलगी, एखादी घरकामाला जाणारी बाई आणि एखाद्या आजी यांना सोबत घेऊन, तो रस्ता पायी चालावा. दिव्यांचे खांब मोजण्यात फारसा अर्थ नाही, कारण पुण्यासारख्या झाडांच्या शहरात कितीतरी दिवे फांद्यांआड पेटतात आणि जे उघडे असतात त्यांचा रोख वाहनांच्या मार्गिकेकडे असतो. समोरून येणाऱ्याचा चेहरा पदपथावरून ओळखता येतो का, हे पाहावे. पदपथ दुचाकींनी अडवला असेल, तर बाईला रहदारीत उतरावे लागते, हेही टिपावे. लांबच लांब बंद कुंपणभिंत मला तुटलेल्या दिव्याहून अधिक धोक्याची वाटते, कारण तिच्यामागून कोणाचीच नजर रस्त्यावर पोहोचत नाही.

एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. सुरक्षेच्या नावाखाली चहाची टपरी किंवा भाजीची हातगाडी हटवण्याची मागणी करू नये. रात्री साडेनऊपर्यंत गाडी लावणारी भाजीवाली त्या रस्त्यावरची सर्वांत भरवशाची राखणदार असू शकते.

नोंदी ठिकाण, वेळ आणि छायाचित्रासह लिहाव्यात व एकाच सरसकट निवेदनाऐवजी दिव्यांसाठी महापालिकेच्या विद्युत विभागाकडे, फांद्यांसाठी उद्यान विभागाकडे, थांब्यासाठी पीएमपीएमएल या शहर बससेवेकडे आणि गस्तीसाठी पोलीस ठाण्याकडे स्वतंत्र अर्ज देऊन पोच घ्यावी. दुरुस्ती झाल्याचे कळवले गेले, की त्याच वेळी त्याच रस्त्याने पुन्हा चालून पाहावे. दरम्यान, तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहेच.