नाक टोचून महिना झाला, चमकीशेजारी फोड आलाय. हळद-तेल लावू का? दोन महिन्यांनी लग्नात नथ घालता येईल का?

हळद-तेल नको. आजी लावायची हे खरं, पण तेलाचा थर भोकावर बसतो, त्यात धूळ चिकटते आणि जखम ओलसर राहते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. त्यांनी नवी कातडी जळते. मेडिकलमधून ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन आणा, दिवसातून दोनदा हात धुऊन गॉजने लावा, मऊ झालेली खपली पुसा, कोरडं करा. बस्स.

चमकी फिरवत बसू नका. ‘फिरवली नाही तर चिकटेल’ असं सगळे सांगतात, पण प्रत्येक फिरवण्याने आतली जखम पुन्हा उघडते. असे फोड बहुतेकदा या छेडछाडीने, टॉवेलमध्ये अडकल्याने किंवा निकेल मिसळलेल्या स्वस्त धातूने येतात. इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमची चमकी सगळ्यात निर्धोक.

पांढुरकी खपली नेहमीचीच. हिरवट पिवळा पू, पसरत जाणारी लाली, ठणका किंवा ताप असेल तर डॉक्टरांकडे जा. घाबरून चमकी मात्र स्वतः काढू नका. भोक मिटून पू आत अडकू शकतो.

नथीचं म्हणाल तर नाकपुडी आतून भरायला चार ते सहा महिने लागतात, बाहेरून आधीच बरी दिसते. वजनदार नथीने भोक ओढलं जाऊन लांबतं. लग्नात दाबाची नथ घाला, तीही दुसऱ्या नाकपुडीवर. फोटोत कुणाला कळणार आहे!