जपानमधल्या इसे इथलं प्रसिद्ध शिंतो देऊळ दर 20 वर्षांनी नवं बांधतात, मग त्या शैलीतली खरोखर जुनी इमारत कुठे आहे?

नागानो प्रांतातल्या ओमाची गावाबाहेर, सुगी (जपानी देवदार) वृक्षांच्या राईत: निशिना शिनमेई-गू. इथली जमीन पूर्वी इसे देवस्थानाची इनामी होती, म्हणून सूर्यदेवी अमातेरासूचं हे ठाणं इथे आलं. इथेही दर 20 वर्षांनी नवं देऊळ बांधायची रीत होती. पण 1636 नंतर पूर्ण पुनर्बांधणी झालीच नाही, फक्त डागडुजी होत राहिली. त्यामुळेच शिनमेई शैलीतलं (म्हणजे इसेच्याच शैलीतलं) उभं असलेलं सर्वात जुनं देऊळ हे ठरलं (इसेची आताची इमारत 2013 ची!). 1953 पासून ते जपानचा 'राष्ट्रीय ठेवा' आहे.

बघताना आधी बाजूच्या भिंतीकडे जा. तिथे भिंतीपासून सुटा असा एक जाड खांब थेट आढ्याला टेकलेला दिसेल. आढ्यावर आडवे ओंडके, दोन्ही टोकांना आभाळात घुसलेल्या फळ्या. छप्पर मात्र इसेसारखं गवताचं नाही, हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) सालीचं आहे.

मला सर्वात मोलाच्या वाटतात त्या जीर्णोद्धाराची नोंद असलेल्या लाकडी पाट्या. 1376 पासूनच्या पाट्या जपून ठेवल्यात. छोट्या देवळाचं इतकं सलग दप्तर क्वचितच सापडतं.