त्या घड्यांना हात लावू नका

तुम्ही फ्रिजवर चार्ट लावलात, 9 वर्षांची मुलगी आणि 6 वर्षांचा मुलगा, काम केलं की स्टार, उलट बोललं की स्टार कट, 15 स्टार झाले की बक्षीस. सुरुवातीला मस्त चाललं आणि आता मुलगी बाटली भरून ठेव म्हटलं तरी आधी 'किती स्टार?' विचारते, कपड्यांच्या घड्या घाल म्हटलं की 'नकोच मला स्टार' म्हणून निघून जाते. तर बक्षीस मोठं करू का, असं तुम्ही विचारलंय. पण याच पत्रात मधे कंसात एक वाक्य टाकलंयत, 'घड्या कशातरीच घालते, ती झोपली की मी परत नीट घालून ठेवते'. माझं मन तिथेच अडकलं.

तिला हे कळत नसेल असं वाटतं का हो तुम्हाला? संध्याकाळी बाह्या बाहेर लोंबत असलेला जो टी-शर्ट तिने स्वतः ठेवला तोच सकाळी कपाट उघडल्यावर चौकोनी होऊन, कडा जुळवून गठ्ठ्यात बसलेला असतो. 9 वर्षांच्या पोरीला एवढं दिसतं. बोलत नाही कारण बोलणार काय, आई रागावलेली नाही, उलट काल स्टारही दिलाय. मग तिच्यापुरता अर्थ एवढाच की माझ्या कामाचा घरात कुणाला उपयोग नाही, ते रात्रीत मोडलं जाणारच आहे, माझ्याकडे राहतो तो फक्त स्टार. मग ती स्टारवरूनच घासाघीस करणार ना! तुम्ही तिला लोभी म्हटलंयत, ते मला अजिबात पटलेलं नाही.

आणि बक्षीस तर वाढवूच नका. 2008 साली वार्नेकन आणि टोमासेलो या दोघा संशोधकांनी अवघ्या 20 महिन्यांच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला होता. मोठ्या माणसाच्या हातून काही पडलं की ही एवढीशी पोरं आपणहून उचलून देत होती, पण ज्यांना त्याबद्दल खेळायला काहीतरी मिळालं त्यांची मदत नंतर कमी झाली, ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही ती देतच राहिली. म्हणजे मदत करायची हौस त्यांच्यात आधीपासूनच असते, तुमच्या लेकीतही होती.

'उलट बोलली' हा रकाना आजच खोडून टाका. ताटं उचलण्याचा आणि राग येण्याचा काय संबंध, आणि सकाळी कमावलेला स्टार संध्याकाळच्या एका शब्दावरून जाणार असेल तर मोठं माणूसही काम सोडून देईल. धाकट्याचं तूर्त राहू दे, तो ताईचं बघूनच करतोय.

तुम्ही एकच करा, तिने घातलेली घडी जशी असेल तशी राहू द्या. हात शिवशिवतील, तुम्हाला सगळं टापटीप लागतं हे पत्रावरूनच कळतंय, तरी कपाटाचं दार लावा आणि झोपायला जा. चुरगळलेला टी-शर्ट घालून बाहेर जावं लागलं तर जाऊ दे, तिला त्याचं काही वाटेल किंवा नाही वाटणार, दोन्ही चालेल. शिकवायचंच असेल तर ती जागी असताना शेजारी बसून शिकवा, आधी बाह्या आत, मग मधून दुमड, असं एकदा करून दाखवा आणि पुढचा कपडा तिच्याकडे द्या, वाकडा झाला तरी तिच्या हातातून ओढून घेऊ नका.

पण त्याच्याही आधी तिला सांगा की 'तू झोपल्यावर मी तुझ्या घड्या परत घालत होते, माझं चुकलं, आता नाही घालणार'. हे आजच बोला, ती विचारेपर्यंत थांबू नका.