स्क्रूला आत्ताच हात लावू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

घडीचा चाकू पोचल्याचं कळलं. इतके पैसे घालूनही पातं उघडताना अडतंय, बंद करताना लॉक चिकटतोय, म्हणून पिव्होटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा, स्क्रू थोडा सैल करू का, असं विचारलंस. नको करू. पहिले तीन महिने त्या स्क्रूला किल्ली लावायची नाही. नव्या चाकूत दोष म्हणून जे दिसतं, त्यातलं निम्मं हाताच्या पकडीचं असतं आणि उरलेलं वापराने जातं. स्क्रू सैल केलास की खरं कारण झाकलं जाईल आणि पात्यात प्ले, म्हणजे ढिलं हलणं, येईल तो वेगळाच.

आधी पकड बघ. तुझ्या चाकूला फ्रेम लॉक आहे, म्हणजे वेगळा खटका नाही. मुठीच्या मागच्या टायटॅनियमच्या पाटीलाच लांब काप देऊन एक पट्टी मोकळी केलेली असते. तीच स्प्रिंग आणि तोच अडसर. ही रचना क्रिस रीव्ह या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कारागिराने त्याच्या सेबेंझा चाकूत आणली. सेबेंझा म्हणजे झुलू भाषेत काम. या पट्टीच्या आतल्या अंगाला एक बारीक कठीण गोळी बसवलेली असते, तिला डिटेंट म्हणतात. चाकू बंद असताना ही गोळी पात्याच्या बुडातल्या खळग्यात बसते, म्हणून पातं खिशात आपोआप उघडत नाही. आता उजव्या हाताने चाकू धरून अंगठ्याने उघडायला गेलं, की बाकीच्या बोटांची टोकं बरोबर त्या पट्टीवरच पडतात. तू बोटांनी गोळी खळग्यात दाबतोस आणि अंगठ्याने तीच बाहेर काढायला बघतोस. मग पातं हलणार कसं? बोटं खिशाला अडकवायच्या क्लिपवर किंवा पट्टीच्या कापाच्या पलीकडे मुठीच्या पाठीकडे ठेव, पट्टी मोकळी सोड, आणि अंगठा बाहेरच्या दिशेने ढकलण्याऐवजी पात्याच्या फिरण्याच्या वाटेने कमान काढत ने. बहुतेकांची तक्रार इथेच संपते.

तरी थोडा जडपणा उरेल, तो वॉशरचा. पात्याच्या दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझचे पातळ वॉशर आहेत. बेअरिंगवर फिरणारं पातं पहिल्या दिवसापासून सुळसुळीत असतं. ब्राँझ वॉशरला मात्र नव्या मोटरसायकलच्या इंजिनासारखं रनिंग-इन लागतं. वॉशरवरचे सूक्ष्म उंचवटे घासून सपाट झाले की फिरणं असं काही मऊ होतं की बेअरिंगवाल्याला ते जमत नाही. माझी पसंती म्हणूनच वॉशरला आहे. शिवाय खिशातली धूळ बेअरिंगच्या गोळ्यांत गेली की करकर सुरू होते, वॉशर ती बऱ्याच प्रमाणात पचवतो. तू कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीनशॉपांतून वावरलेला आहेस, ब्राँझचा बुश शाफ्टवर कसा बसत जातो हे तुला वेगळं सांगायला नको.

तर रोज संध्याकाळी चाळीस-पन्नास वेळा उघड-मीट कर. सावकाश, पूर्ण वाटेने, झटका न देता. पिव्होटजवळ दोन्ही बाजूंनी सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब सोड. दोन-तीन दिवसांत तिथून करडं-काळं तेल बाहेर येईल. ती ब्राँझची झीज आहे, घाबरू नकोस. कापडाने पुसून नवा थेंब दे. साधारण दोन आठवड्यांत ते काळं येणं कमी होतं, आणि तेव्हाच पातं हाताला वेगळं लागायला लागतं.

तेल कुठलं? मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन सर्वांत सोपं, फळं कापायच्या चाकूला तेच बरं. शिलाई मशीनचं तेलही चालतं, पण मग पात्यावरचं पुसून काढ. खोबरेल मात्र नको. थंडीत गोठतं, आणि कालांतराने खवटही होतं. मग लोक म्हणतात चाकू जाम झाला.

मनगटाच्या झटक्याने पातं फेकायचा मोह होईल, तो आवर. दर वेळी पात्याचं बूड थांब-पिनेवर (उघडलेलं पातं जिथे अडून थांबतं ती पिन) आदळतं आणि लॉकची पट्टी धाडकन आत जाऊन बसते. नव्या लॉकचा पृष्ठभाग अजून बसायचा असतो, त्या काळात असं आपटलं की टायटॅनियम स्टीलला ओरबाडून धरतं. लॉक चिकटण्याचं एक कारण तेच. तो चिकटत असेल तर लॉकच्या टोकावर, जिथे ते पात्याच्या बुडाला टेकतं तिथे, शिसपेन्सिल घास. ग्राफाइट पुरतं. तिथे तेल कधीच घालायचं नाही. लॉक घर्षणावर उभा असतो, तेलाने तो घसरू शकतो, आणि घसरला तर पातं बोटांवर मिटतं.

आता तीन तपासण्या. पातं उघडून लॉकचं टोक पात्याच्या बुडाच्या रुंदीत कुठवर आलंय ते बघ. नव्या चाकूत ते तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असावं. जेमतेम कडेला टेकत असेल तर तो चाकू वापरू नकोस, परत पाठव. वर्षांच्या वापराने टोक हळूहळू आत सरकत जातं, ते स्वाभाविक आहे. दुसरी तपासणी प्लेची. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ, आणि डावी-उजवीकडे हलवून बघ. आडवा प्ले असेल तर तो पिव्होटचा, घट्ट करून जातो. वर-खाली हलत असेल तर तो लॉकचा, आणि त्याला उत्पादकच लागतो. तिसरी तपासणी बंद पात्याची: ते दोन पाट्यांच्या मधोमध आहे का. केसभर एका बाजूला असलं तर सोडून दे, पाटीला घासत असेल तरच दोष धर. लॉकची ताकद बघायला पात्याची पाठ टेबलावर आपटून बघणारे लोक आहेत. तू तसलं काही करू नकोस. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, लॉकचं टोक मात्र चेपतं.

बंद करताना पहिला महिनाभर दोन्ही हात वापर. अंगठ्याने पट्टी बाजूला सारायची ती पात्याची वाट मोकळी होईल एवढीच. आणखी बाहेर ताणलीस तर कापाजवळचा पातळ भाग कायमचा वाकतो आणि लॉकचा जोर जातो. आणि पट्टी सारण्याआधी तर्जनी पात्याच्या वाटेतून निघालीय का, ते दर वेळी डोळ्यांनी बघ. पुढे हात आपोआप शिकतो.

पात्याविषयी. तुझं पातं मॅग्नाकटचं आहे. हे पावडर मेटलर्जीने, म्हणजे धातूच्या भुकटीपासून, बनवलेलं स्टील, लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने आखलेलं, २०२१मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम १०.७ टक्क्यांच्या आसपासच आहे, पण ते कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत) न अडकता पोलादात विरघळलेलं राहतं, म्हणून गंजाला फार चांगलं तोंड देतं. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हे मोठं सुख आहे. झीज सोसायची ताकद येते व्हॅनेडियम आणि नायोबियमच्या कार्बाइडमधून, आणि असं पातं कठीणपणाच्या मापात साधारण ६२ ते ६४ रॉकवेल सी ठेवतात. या स्टीलची धार टिकते. पण धार टिकणं वेगळं आणि पहार होणं वेगळं. डब्याचं झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, नारळाला टोक लावणं, उसाच्या पेरात पातं घालून पिळणं, यांत टोक मोडतं किंवा धारेचे कपचे उडतात. आणि ओट्याच्या कडप्प्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेवर काहीही कापू नकोस. धार तिथे एका फटक्यात लोळते. लाकडी पाट घे.

बाकी मात्र मोकळ्या हाताने वापर. पार्सलचा खोका, सुतळी, पोत्याची शिवण, तांबड्या रश्श्याबरोबरचं लिंबू, पेरू, सगळं. महाग आहे म्हणून डबीत ठेवलास तर वॉशर कधी बसायचे नाहीत आणि तुझा हातही बसायचा नाही. टायटॅनियमवर ओरखडे पडतील, पडू देत. उसाचा रस किंवा काकवी लागली तर मात्र त्याच दिवशी कोमट पाण्याखाली उघड-मीट करत धू, झटकून कोरडा कर, तेलाचा थेंब दे. वाळलेली साखर वॉशरमध्ये गोंदासारखी धरते.

धारेला पहिले दोन-तीन महिने दगड लावू नकोस, फक्त चामड्यावर परज. यात कोल्हापूरला राहण्याचा फायदा आहे. चप्पल करणाऱ्यांकडे झाडाच्या सालीने कमावलेलं टणक चामडं मिळतं. दोन इंच रुंद, दहा इंच लांब तुकडा सपाट फळीवर चिकटव आणि त्यावर एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट मटाराएवढी पसरव. पातं पाठ पुढे ठेवून, धारेच्या उलट दिशेने ओढायचं, न्हावी वस्तरा परजतो तसं. प्रत्येक बाजूला दहा वेळा, हलक्या हाताने. दाबलंस तर चामडं दबून धारेभोवती वर येतं आणि धार गोल होते.

नंतर दगड लागेल तेव्हा डायमंड प्लेटच घे, आधी ६०० आणि मग १२०० ग्रिट (आकडा मोठा तशी प्लेट बारीक). साध्या दगडातलं ॲल्युमिना व्हॅनेडियम कार्बाइडपेक्षा मऊ असतं, ते कार्बाइड कापत नाही, नुसतं भोवतालचं पोलाद झिजवतं. कोन दर बाजूला २० अंश. पातं २४ मिलिमीटर रुंद असेल तर या कोनाला पाठीची मध्यरेषा प्लेटपासून ८ मिलिमीटरच्या किंचित वर येते. तेवढ्या अंदाजाने सुरुवात कर, आणि खात्रीसाठी धारेच्या उतारावर मार्कर पेन फिरव. दोन ओढीनंतर शाई फक्त वरच्या कडेची गेली तर कोन कमी आहे, फक्त धारेजवळची गेली तर जास्त. सगळी सारखी पुसली गेली की तो कोन मनगटात साठव. एका बाजूची बर (घासताना धारेवर वळून येणारी बारीक कड) दुसऱ्या बाजूला अंगठ्याला लागेपर्यंत घास, मग बाजू बदल, शेवटी दाब कमी करत एकेक ओढ आलटून-पालटून. सायकलच्या चाकावर सहाण फिरवणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नकोस. घरच्या विळीला, सुरीला त्याचं काम उत्तम आहे. पण या पात्याचं टेम्परिंग, म्हणजे कठीण केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपासचं असतं, आणि कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेची पातळ कड त्याच्या पुढे तापते. रंग बदललेला दिसला नाही तरी कड मऊ पडलेली असू शकते.

कायद्याचंही नीट समजून घे. शस्त्र नियम २०१६मध्ये परवान्याच्या यादीत येतात ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, तुझं पातं साडेतीन इंचांचं आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्या कलमात चाकूचा शब्दशः उल्लेख आहे. निवडणूक, गणपती, मोर्चे अशा दिवसांत चाकू घरी ठेव. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना, कोर्टात, कॉलेजात नेऊच नकोस. विमानाने जाताना तो चेक-इन बॅगेत. आणि चारचौघांत उघड-मीट करत बसू नकोस. समोरच्याला त्यातलं कौतुक दिसत नाही, पातं दिसतं.

तीन महिन्यांनी, किंवा त्याआधी आत कचकच जाणवली तर, पहिल्यांदा खोल. त्याआधी उत्पादकाची वॉरंटीची अट वाच. काही जण खोलल्यास वॉरंटी नाकारतात, तर सेबेंझासोबत किल्ल्याच मिळतात. टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या टोकाचे) नवे बिट घे, बहुधा टी-६ आणि टी-८ लागतील. बिट तळापर्यंत बसल्याशिवाय जोर लावू नकोस, झिजलेल्या बिटाने स्क्रूचं डोकं गोल होतं. स्क्रू हलत नसेल तर आत लॉकटाइट, म्हणजे आट्यांना धरून ठेवणारा डिंक, आहे. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट धर, सुटेल. खाली पांढरं फडकं अंथर, कारण ब्राँझ आणि टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाहीत, वॉशर घरंगळला की गेला. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने सगळं पूस, वॉशरला एकेक थेंब तेल, आणि जोड.

पिव्होट घट्ट करताना घड्याळाच्या काट्याचं एक मिनिट सरकेल एवढंच फिरवायचं, मग प्ले बघायचा, पातं फिरवून बघायचं, पुन्हा तेवढंच. मोठ्या सेबेंझासारख्या काही चाकूंत आत बुश असतो, तिथे स्क्रू पूर्ण घट्ट बसवतात. तुझ्यात तो आहे का हे खोलल्यावरच दिसेल. लॉकटाइट जांभळं, २२२. टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच, स्क्रूच्या आट्यांवर. जास्त झालं तर ओघळून वॉशरमध्ये जातं आणि पातं जाम होतं. टायटॅनियमवर ते सावकाश सुकतं, म्हणून २४ तास चाकू हलवू नकोस.

वॉशर काढण्याआधी कुठला डाव्या बाजूचा, कुठला उजव्या, हे दिसेल असा फोटो काढ आणि दोन्ही वॉशरचे दोन्ही अंगांचे फोटो मला पाठव. चकाकी सगळीकडे सारखी आलीय की एकाच कडेला, त्यावरून पिव्होट किती घट्ट ठेवायचा ते सांगता येईल.

तुझा,
काका