साखर-पाण्यापासून हार्ड सेल्टझर (अल्कोहोल असलेलं सोड्यासारखं पेय) करताना चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले, सडक्या अंड्यासारखा वास येतोय. यीस्ट खराब होतं का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी आणतो. पाच लिटर जारचं पाणी, एक किलो साखर, बेकरीतलं कोरडं यीस्ट, झाकणातून नळी काढून पाण्यात सोडलेली, आणि लातूरचा एप्रिल. तीन दिवस जोरात बुडबुडे, मग एकदम शांत. चव अजून गोड, वास सडक्या अंड्यांचा. यीस्ट खराब असतं तर पहिले तीन दिवस तरी कशाला नाचलं असतं? यीस्ट चांगलंच होतं, ते उपाशी पडलंय.

मी धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशनला होतो, त्यामुळं हे दुखणं ओळखीचं आहे. तिथं आम्ही मळी आंबवायचो. काळी, चिकट, नाक धरायला लावणारी मळी. तिच्यात पोटॅशियम, मॅग्नेशियम, थोडा नायट्रोजन, थोडी जीवनसत्त्वं असं उसातलं बरंच काही उरलेलं असतं, म्हणून यीस्ट दीड दिवसाच्या आत फर्मेंटर, म्हणजे आंबवायची टाकी, उरकतं. तरीही आम्ही वरून युरिया आणि डीएपी टाकायचोच. आता तुमची साखर बघा. दाण्याची प्रत एम-३० असो की एस-३०, ती ९९.५ टक्क्यांहून जास्त निव्वळ सुक्रोज असते. बाकी सगळं कारखान्यानं काढून टाकलेलं असतं, त्याचेच तर पैसे घेतात. ऊसतोडीच्या मजुराला भाकरी-भाजी न देता नुसती साखर चारून फडात उभं केलं, तर पहिला तासभर तो भराभर तोडेल आणि मग खाली बसेल. तुमच्या बादलीत तेच झालंय.

यीस्टला साखरेतून ताकद मिळते, पण अंग वाढवायला नायट्रोजन लागतो. लिटरला साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम. साखर-पाण्यात तो जवळजवळ शून्य. पाकिटातल्या पेशींकडं जी शिल्लक असते तिच्यावर दोन-तीन दिवस निघतात. वासाचं मूळही इथंच आहे. प्रथिनं बनवताना यीस्ट पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड तयार करतं आणि ते नायट्रोजनवाल्या रेणूला जोडून टाकतं. जोडायला तो रेणूच नसला की सल्फाइड बाहेर सुटतं, हायड्रोजन सल्फाइड होऊन. तोच तुमचा अंड्याचा वास.

हे ज्ञान काही प्रयोगशाळेतून आलेलं नाही बरं का. हातभट्टीवाले गुळाच्या रसायनात, म्हणजे आंबायला ठेवलेल्या गुळाच्या पाण्यात, नवसागर का टाकतात, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजे यीस्टला नायट्रोजन. शाळेत न गेलेल्या माणसानं अंदाजानं शोधलेलं खाद्य आहे ते. (नवसागर कल्हईवाल्याकडचा, साफसफाईचा पत्ता नाही, त्यामुळं तुम्ही त्याच्या नादी लागू नका.)

मग डीएपी घालावं का? खाद्य दर्जाचं डायअमोनियम फॉस्फेट लिटरला १ ग्रॅम घातलं की साधारण २१० मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो, हिशोब सरळ बसतो. पण घरात पडलेली १८:४६ ची गोणी म्हणजे ते नव्हे. खताचं डीएपी फॉस्फेटच्या खडकापासून करतात, त्यात कॅडमियम, फ्लोराइड असं काय काय राहतं. सोयाबीनच्या रानात चालतं, पोटात नको. युरियाही नको. आमच्या कारखान्यातलं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायला जायचं, म्हणून चालून जायचं. पिण्याच्या पेयात युरिया आणि अल्कोहोल मिळून इथाइल कार्बामेट होतं, आणि ते कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहे. शिवाय डीएपीतून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाला तरी जीवनसत्त्वं, जस्त, मॅग्नेशियम राहतंच. त्याला सोपा उपाय म्हणजे थोडं बेकरीचं यीस्ट पाण्यात उकळून मारायचं आणि तेच खाद्य म्हणून घालायचं. जिवंत यीस्ट मेलेल्या यीस्टवर मजेत जगतं.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. अमोनियाचा नायट्रोजन आत घेताना यीस्ट आम्ल बाहेर टाकतं. आंबत्या मळीच्या पाण्यात ते आम्ल झेलायला भरपूर क्षार असतात. तुमच्या जारच्या पाण्यातून आरओनं सगळे क्षार आधीच काढलेत, त्यामुळं पीएच धाडकन ३ च्या खाली येतो आणि यीस्ट हात टेकतं. म्हणजे नुसतं डीएपी टाकलंत तर भूक भागेल पण आंबटपणा आणखी वाढेल. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या ज्या जड पाण्याला सगळे शिव्या देतात, गिझरच्या कॉइलवर ज्याचा पांढरा थर बसतो, त्यात बायकार्बोनेट असतात. ते घेतलं असतं तर कदाचित गाडी आणखी थोडी पुढं गेली असती. खाण्याचा सोडाही आम्ल मारतो, पण सोडियममुळं पेय खारट लागतं. करणारे लोक पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा खाद्य दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट वापरतात, तेही पीएच पट्टीवर बघत बघत, एकदम नाही.

तिसरी गोष्ट उन्हाळा. ३५ अंशांच्या वर यीस्ट काम तर करतं, पण रागानं करतं. फ्युजेल अल्कोहोल, म्हणजे जड, उग्र अल्कोहोलं वाढतात, नेलपॉलिशसारखा उग्रपणा येतो. मळीच्या दारूत तो लपला असता. सेल्टझरमध्ये लपायला जागाच नाही, कारण त्याची चवच मुळी 'काही नाही' अशी हवी असते. कारखान्यात फर्मेंटरचं पाणी सतत थंड करून ३२-३३ अंशांवर धरायची कसरत चालते. घरात ओलं गोणपाट गुंडाळून भांडं परातीत ठेवलं तरी आपल्या कोरड्या हवेत बऱ्यापैकी गारवा मिळतो, परभणी-लातूरच्या एप्रिलमध्ये तर जास्तच.

आणि मापही चुकलंय. किलोभर साखर विरघळली की आकारमान साडेपाच लिटरच्या पुढं जातं, लिटरमागं सुमारे १८० ग्रॅम साखर. साधारण १७ ग्रॅमला एक टक्का अल्कोहोल, म्हणजे सगळी आंबली असती तर दहा टक्क्यांच्या वर. दुकानात मिळणारं हार्ड सेल्टझर पाच टक्क्यांच्या आसपास असतं. मोठ्या कंपन्या आधी जास्त तीव्रतेचं आंबवून मग पाणी घालतात हे खरं, पण ते पोसलेल्या, थंड ठेवलेल्या यीस्टवर. उपाशी यीस्टवर दुप्पट ओझं टाकण्यात अर्थ नाही.

आता कायद्याचं बोलतो, कारण तुम्ही ते विचारलंच नाहीत. ज्या व्हिडिओंवरून तुम्ही हे करताय ते बहुतेक अमेरिकेतले. तिथं १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, म्हणून ती माणसं स्वयंपाकघरात कॅमेरा लावून बिनधास्त बोलतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा कलम ६५ खाली गुन्हा आहे. घरापुरतं, विकायचं नाही, गाळलेलं नाही, नुसतं आंबवलेलं, या सबबी तिथं चालत नाहीत. उत्पादन शुल्कवाल्यांच्या पंचनाम्यात तुमची बादली 'साखरमिश्रित रसायन, पाच लिटर, जागीच नष्ट' अशी जाईल; हॉबी हा रकाना त्यात नसतो. म्हणून वर लिहिलेलं सगळं शास्त्र म्हणून घ्या. तुम्ही फूड टेक्नॉलॉजीला जायचं म्हणताय, तर परभणीच्या कृषी विद्यापीठात ते महाविद्यालय आहेच. किण्वन, म्हणजे हे आंबवण्याचं शास्त्र, कुणाच्या हाताखाली शिकायची इच्छा असेल तर रस्ता तो आहे, किंवा परवाना असलेली डिस्टिलरी, ब्रुअरी. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात त्या कमी नाहीत.

'आंधळं व्हायची भीती आहे का?' असंही विचारलंय. निव्वळ साखरेच्या आंबवणीत मिथेनॉल, म्हणजे डोळे घालवणारं विषारी अल्कोहोल, नगण्य होतं, ते फळांच्या पेक्टिनमधून येतं आणि तेही थोडं. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरहून जास्त माणसं गेली ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलनं. तुमच्या बादलीपासून खरा धोका निराळाच आहे. 'बुडबुडे थांबले, आता बाटल्यांत भरू का?' अजिबात नाही. लिटरमागं फक्त ४ ग्रॅम साखर आंबली तरी त्या लिटरभर पेयात जवळपास लिटरभर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बिअरमध्ये साधारण अडीच लिटर असतो. तुमच्याकडं अर्धी साखर जरी शिल्लक असली, तरी बंद बाटलीत यीस्ट पुन्हा जागं झाल्यावर वीस लिटरच्या वर जाईल, आणि खोलीत एप्रिल आहे. काच तुकडे होऊन उडते, माणसाचे डोळे जातात ते असे. आहे ते मोरीत ओता, भांडं धुवा, विषय संपवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मोसंबीची चव कशी आणायची. रस घालू नका. रसात साखर असते आणि मोसंबीचा रस ठेवला की कडू होत जातो. सेल्टझरची चव येते ती सालीतल्या तेलातून. जालन्याची मोसंबी घ्या, किसणीवर फक्त वरचा पातळ हिरवा-पिवळा थर काढा, पांढरं अजिबात नको. तो कीस दोन चमचे साखरेत चोळून तासभर झाकून ठेवा, साखर ओली होते आणि तेल तिच्यात उतरतं. त्यातलं चमचाभर ग्लासात, चिमूटभर सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचे चार थेंब, वरून साधा सोडा. यात ना यीस्ट, ना पंचनामा. सोडा मात्र आधी बर्फात चांगला गार करा, कोमट सोडा ग्लासात ओतला की त्यातला वायू तुमच्याआधी निघून जातो.