अर्जदास्तीतला ‘दास्त’ कुठला?

प्रश्न असा आहे: हेरातच्या (आजचं अफगाणिस्तान) बायसुंगुर मिर्झा या तैमुरी राजपुत्राच्या (1397–1433) दरबारातल्या चित्रकारांविषयी वाचताना ‘अर्जदाश्त’ शब्द आला. आपल्या जुन्या पत्रांतली ‘अर्जदास्त’ ती हीच का? आणि त्यातला ‘दास्त’ दस्तऐवजातलाच का?

शब्द तोच, पण दस्तऐवजाशी नातं नाही. दस्तऐवज, दस्तखत यांतला ‘दस्त’ म्हणजे हात. ‘दास्त’ आला ‘दाश्तन’ या फारसी क्रियापदावरून. अर्थ धरणं, ठेवणं. ‘अर्ज दाश्तन’ म्हणजे वरिष्ठापुढे म्हणणं मांडणं. मराठीत येताना ‘श्त’चा ‘स्त’ झाला, जसा गश्तचा गस्त, गुमाश्ताचा गुमास्ता. पाहुण्यांची ‘बडदास्त’ ठेवतो तिथेही हाच दाश्त आहे. मूळ ‘बरदाश्त’, र चा ड आपण केला. त्याच शब्दाचा हिंदीत अर्थ ‘सहन करणं’. पाहुणा फार दिवस राहिला की दोन्ही अर्थ लागू पडतात!

भाषांतरात मात्र लोक फसतात. ‘अर्ज’ दिसला की ‘विनंतीअर्ज’ लिहून मोकळे. बायसुंगुरच्या दरबारातली जी अर्जदाश्त आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात आहे, तिच्यात मागणीपेक्षा कामाचा हिशेब जास्त. ती सहसा किताबखान्याचा (ग्रंथ तयार करण्याच्या विभागाचा) प्रमुख, सुलेखनकार जाफर तबरिझी याची मानतात. कोणाचं काम कुठवर आलं, हे त्यात नावानिशी आहे. अमीर खलीलची ‘गुलिस्तान’ या सादीच्या ग्रंथाच्या दोन चित्रांत समुद्राच्या लाटांवर चांदी चढवून झाली, आता तो रंग भरायला घेईल. मौलाना अली शाहनाम्याच्या (फिरदौसीच्या महाकाव्याच्या) आरंभीच्या नक्षीचा आराखडा करतोय, मध्ये काही दिवस त्याचे डोळे दुखत होते. (त्या काळच्या चित्रांतलं पाणी आज काळपट दिसतं ते या चांदीमुळेच: हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. चित्रकाराने रात्र रंगवलेली नसते.) म्हणून इथे ‘कामाचा अहवाल’ लिहावं, किंवा सरळ अर्जदास्तच ठेवावी.

तीच गत ‘किताबखान्या’ची. ‘ग्रंथालय’ म्हटलं की कपाटं डोळ्यांसमोर येतात. इथे नकलनवीस, चित्रकार, सोनेरी नक्षीवाले, जिल्दसाज (पुस्तकबांधणी करणारे) सगळे एका देखरेखीखाली राबत. त्याच अहवालात ख्वाजा अब्दुर्रहीम जिल्दसाजांबरोबर तंबू आणि फरश्या करणाऱ्यांसाठीही नमुने काढतोय. तेव्हा ‘ग्रंथांचा कारखाना’ म्हणा. जाफरने लिहिलेला, 1430 मध्ये पुरा झालेला शाहनामा याच कारखान्यातला. तो आता तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे.